पाचव्या मजल्यावरचं घर

फोटोताईचा स्टुडिओ म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. उंच गिऱ्हाईक आत येताना वाकायचं आणि बाहेर जाताना हमखास डोकं आपटून घ्यायचं. दिवसभर पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे फोटो. ‘हनुवटी खाली, खांदे सैल, श्वास सोडा’ असं म्हणून म्हणून तिची जीभ झिजली होती. लोकांच्या मागण्या तर विचारू नका. कुणाला गालावरचा डाग नको असे, कुणाला केस दाट हवे असत. एका गृहस्थांनी तर ‘डावा कान जरा आत ढकलता येईल का’ असं भीत भीत विचारलं होतं. शनिवार संध्याकाळपर्यंत चेहऱ्यांचा असा वीट येई, की रविवारी ती कॅमेरा गळ्यात अडकवून जिथं माणूस म्हणून नाही अशा जागी जायची. बंद पडलेल्या, सोडून दिलेल्या, अर्ध्यावर राहिलेल्या इमारतींत. तिथं कुणी कान आत ढकलायला सांगत नसे.

बरोबर वहिनी असे. फोटोताईचा थोरला भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवडेच्या आठवडे घरी नसायचा. त्याची बायको, म्हणजे ही वहिनी, इस्पितळात नर्स होती. नणंद-भावजयीचं गूळपीठ सगळ्या नात्यात माहीत होतं. वहिनी थट्टेनं नणंदेला ‘वन्सं’ म्हणायची. फोटोतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं; ती यायची ती डबा, पाण्याची बाटली आणि तोंडाचा पट्टा घेऊन. भ्यायची फक्त पालीला.

“मेलेली माणसं मी रोज बघते, वन्सं,” ती म्हणायची. “फार शहाण्यासारखी वागतात. त्रास देतात ते नातेवाईक.”

दोघींनी मिळून बऱ्याच जागा पालथ्या घातल्या होत्या. एका बंद चित्रपटगृहात सगळ्या खुर्च्यांच्या बैठका स्प्रिंगनं उभ्या राहिलेल्या होत्या, फक्त मधल्या रांगेतली एक खाली दबलेली, कुणी बसल्यासारखी. “स्प्रिंग तुटली असेल,” वहिनी म्हणाली. पण जवळ जाऊन दाबून बघायला काही ती गेली नाही.

शहराच्या टोकाला, जिथं रस्ता डांबर सोडून खडीवर येतो, तिथं एक सात मजली सांगाडा उभा होता. बांधणाऱ्या भागीदारांचं आपसांत फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि काम थांबलं ते थांबलंच. खालच्या दोन मजल्यांना विटांच्या भिंती होत्या. त्यावर नुसते खांब आणि स्लॅब, चारी बाजूंनी उघडे. जिन्याला कठडा नव्हता. लिफ्टसाठी सोडलेल्या चौकोनी विहिरीत डोकावलं की तळाशी साठलेलं काळं पाणी दिसे. गच्चीवरच्या सळ्या वाकून गंजून गेल्या होत्या.

पहिल्या रविवारी दोघी पत्र्याच्या कुंपणातल्या फटीतून आत शिरल्या. एकेक मजला चढत फोटोताई फोटो घेत गेली. तिसऱ्या मजल्यावर सिमेंटची पोती होती तशीच दगड होऊन बसलेली. चौथ्यावर कबुतरांनी उच्छाद मांडला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. पाचव्यावर आली आणि ती जिन्याच्या तोंडाशीच थबकली.

तो मजला झाडलेला होता. नुसता वरवर झाडलेला नाही, कोपऱ्याकोपऱ्यातून. आणि स्वच्छ स्लॅबवर पांढऱ्या फक्कीच्या रेषा होत्या, शाळेच्या मैदानावर मारतात तशा. सरळ, रेखीव. फोटोताईला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. खोल्या होत्या त्या. ही बैठकीची, हे स्वयंपाकघर, ही न्हाणी, या दोन झोपायच्या. जिथं दार यायला हवं तिथं रेष तुटलेली होती. शेवटची खोली अगदी स्लॅबच्या कडेला होती. तिच्या चौथ्या बाजूला रेष नव्हती, कारण तिथं स्लॅबच संपत होता आणि पुढे आभाळ होतं.

“मुलं खेळत असतील,” वहिनी म्हणाली.

“पाच मजले चढून?”

फोटोताईनं फोटो घेतले. ती खोल्यांतून आडवीतिडवी फिरली, रेषा ओलांडत. तिला आपण कुणाच्या तरी घरात बूट घालून शिरल्यासारखं वाटत राहिलं. ती नेहमीपेक्षा लवकर उतरली.

घरी फोटो पडद्यावर मोठे करून बघताना वहिनीनंच पहिल्यांदा बोट ठेवलं. “चौथ्या मजल्यावर कबुतरं, सहाव्यावर कबुतरं. मधल्यावर एक पीस नाही. झाडतात ते समजलं, पण आपण होतो तेवढ्या वेळात एक तरी येऊन बसावं की नाही?”

फोटोताईनं सगळे फोटो पुन्हा पाहिले. खालच्या आणि वरच्या मजल्यांच्या कडांवर कबुतरं ओळीनं बसलेली होती. पाचव्या मजल्याची कड रिकामी होती.

पुढच्या रविवारी तिला राहवेना. यावेळी त्या दुपारी गेल्या. चौथ्या मजल्यावर असतानाच वरून भांड्याचा आवाज आला, पेल्यावर झाकण ठेवल्यासारखा. वहिनीनं नणंदेचा दंड धरला. दोघी पाय न वाजवता वर गेल्या.

बैठकीच्या खोलीत, म्हणजे रेषांच्या आत, दोन घडीच्या खुर्च्या मांडून एक म्हातारा आणि एक म्हातारी बसली होती. मध्ये थर्मास. म्हातारीच्या मांडीवर विणकाम. खुर्च्यांच्या मागे शहर पसरलेलं, आणि वाऱ्यानं म्हाताऱ्याचे पांढरे केस उभे राहिलेले. फोटोताई भानावर यायच्या आत दोन पावलं पुढे गेली.

“अहो, अहो!” म्हातारी म्हणाली. “दारातून या. भिंतीतून काय येता?”

फोटोताईनं खाली पाहिलं. तिचा पाय रेषेवर होता. ती मुकाट्यानं मागे झाली, वळसा घालून तुटलेल्या रेषेपाशी आली आणि तिथून आत शिरली. मागोमाग वहिनी. गंमत म्हणजे वहिनीनं सँडलही काढून ठेवल्या.

“बसा,” म्हातारा म्हणाला. त्यानं आपली खुर्ची दिली आणि स्वतः चटई पसरली. तो पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, बोटांच्या टोकांत अजून काळेपणा मुरलेला होता. म्हातारीनं थर्मासातला चहा ओतला. हे आमचं घर, ती म्हणाली, पैसे आधीच भरलेलं. नकाशात आहे तसंच आखलंय, टेपनं मोजून. पाऊसवाऱ्यात पुसलं जातं, मग हे पुन्हा आखतात. दर रविवारी येतो. बाकीचे दिवस भाड्याच्या खोलीत काढतो, पण ते काही आपलं नव्हे.

फोटोताईला त्यांची दया आली आणि थोडं हसूही आलं. हक्काच्या घरासाठी आयुष्य घातलेली माणसं, वेड लागलं तर नवल नाही. तिनं विचारलं, “मी इथले फोटो घेतले तर चालेल, काकू?”

“घ्या की. फक्त त्या कडेच्या खोलीत हळू बोला. मुलगा झोपलाय.”

वहिनी आणि फोटोताईनं एकाच वेळी त्या खोलीकडे पाहिलं. झाडलेला स्लॅब. आभाळ.

“कबुतरं असली की त्याला झोप लागत नाही,” काकू म्हणाल्या. “लहानपणापासून तसंच. पण ती इथं येत नाहीत.”

वहिनीनं पेला खाली ठेवला. तिनं इस्पितळात तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली होती, त्यामुळे तिनं चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. ती फक्त कडेकडे पाठ होणार नाही अशी सरकून बसली.

फोटोताईनं कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत काका-काकू होते, मधे थर्मास. तेवढ्यात काकूंची मान वळली. कडेच्या खोलीच्या दाराकडून स्वयंपाकघराकडे, सावकाश, कुणी चालत जावं तशी. आणि काकांचीही मान वळली, त्याच दिशेनं, त्याच गतीनं. दोघांच्या नजरा उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर एका जागी थांबल्या. काकू हसल्या. काकाही हसले. फोटोताईचं बोट बटणावर दाबलं गेलं ते तिला नंतर आवाजावरून कळलं.

“उठला वाटतं,” काकू म्हणाल्या.

जिना उतरताना वहिनी तिसऱ्या मजल्यावर पोत्यांपाशी थांबली. मग म्हणाली, “एकाला भास होतो, मान्य. दोघांना एकाच वेळी?”

 तरी फोटोताई पुढच्या रविवारी गेली, आणि त्याच्या पुढच्याही. इमारतींच्या ओढीनं जात होती की त्या दोघांच्या, तिचं तिलाच कळत नव्हतं. हळूहळू काकूंनी सगळं सांगितलं, विणता विणता, टाके न चुकवता. एकुलता मुलगा. नाक चोचीसारखं इतकं लांब, की सगळे त्याला खंड्या म्हणत. पाचव्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला तेव्हा तिघं घर बघायला आले होते. आईबापाचा नव्या घरातला पहिला फोटो काढायचा म्हणून तो मागे मागे जात राहिला, डोळा कॅमेऱ्याला लावून.

“मागे काही नव्हतं,” काकू म्हणाल्या. “आम्हाला वाटलं खाली वाकला. मग दिसलाच नाही.” त्यांनी लोकरीचा गुंडा फिरवला. “पण तो गेला कुठं? त्याची खोली इथं आहे.”

 काका त्या वेळी शहराकडे बघत होते.

तिला आता त्या मजल्यावर वावरायची सवय झाली. स्वतःच्या घरातही ती कधी कधी नसलेल्या भिंतीला वळसा घालायची आणि स्वतःवर चिडायची. कडेच्या खोलीसमोर तिचा आवाज आपोआप खाली येई. एकदा वहिनीनं तिला ‘जरा सरका’ असं पुटपुटताना पकडलं. तिथं समोर कुणी नव्हतं.

“वन्सं, आता पुरे,” वहिनी म्हणाली. “तू फोटो काढायला येतेस की पाहुणचाराला?”

मग एका रविवारी पत्र्याच्या कुंपणावर पाटी दिसली. कोर्टाचा निकाल लागला होता. इमारत धोकादायक, पाडायची. तारीख जवळचीच होती.

वर काकू विणकाम न घेता बसल्या होत्या. हात मांडीवर. “तुमचीच वाट बघत होते,” त्या म्हणाल्या. “आमचा तिघांचा एक फोटो काढून द्या. त्याच्या खोलीत. हे सगळं गेल्यावर तो कशाबरोबर येणार आमच्याकडे? फोटोत असला तर घरी नेता येईल.”

नाही कसं म्हणायचं? फोटोताईनं आधी दोघांना कडेकडे पाठ करून उभं केलं, म्हणजे आपण आतल्या बाजूला. पण मागे भगभगीत आभाळ, चेहरे काळे ठिक्कर आले. शेवटी तिनं दोघांना आतल्या बाजूला, दारापाशी उभं केलं, मधे एका माणसाची जागा ठेवून. स्वतः कडेच्या बाजूला गेली. तिथल्या खांबाला तिनं मनातल्या मनात खूण केली: याच्या मागे जायचं नाही.

“वन्सं, मागे बघ,” जिन्यापाशी उभ्या वहिनीनं बजावलं.

“बघितलंय गं.”

“त्याचं डोकं कापू नका हं,” काकू म्हणाल्या. “उंच आहे तो. अजून थोड्या मागे व्हा.”

फोटोताई थोडी मागे झाली. चौकटीत काका, काकू, मधली जागा. मधल्या जागेत वर अजून मोकळं सोडायला हवं होतं. आणि गंमत बघा, जी व्यक्ती नाही तिच्या डोक्यावर किती जागा सोडायची हे तिला नेमकं कळत होतं. अजून थोडं. अजून थोडं. डोळा कॅमेऱ्याला लागला की जग चौकटीएवढंच उरतं. खांब कधी मागे पडला हे तिला कळलं नाही. तिनं टाच उचलली, आणि मागे ठेवणार तोच तिच्या पाठीला हात लागला.

दोन खांद्यांच्या मधे. पंजा पूर्ण टेकलेला, बोटं फाकलेली. ढकलला नाही, थोपवला. दारात आडव्या आलेल्या माणसाला थोपवतात तसा, ठाम आणि बेताचा.

“काय वहिनी,” ती म्हणाली, कॅमेरा न काढता. आणि तिच्या ध्यानात आलं की चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात, पार तिकडे जिन्याच्या तोंडाशी, वहिनी उभी दिसते आहे. तोंडावर हात दाबून.

बोटानं बटण दाबलं. मग फोटोताई एक पाऊल पुढे आली. ती मटकन खाली बसली. मागे वळून पाहिलं तेव्हा तिची टाच जिथं पडणार होती तिथं पाच मजले खालची खडी दिसत होती. बाकी कुणी नव्हतं.

वहिनी धावत आली ती भिंतीबिंती तुडवत. तिनं आधी नाडी धरली, मग शिव्या घातल्या, मग गळ्यात पडून रडली.

“मला कुणीतरी धरलं,” फोटोताई म्हणाली. “पाठीला हात लावून.”

काका जागच्या जागी थिजले. काकू मात्र शांतपणे जवळ आल्या, तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी विचारलं, “उजवा की डावा?”

“काय?”

“हात. अंगठा कुठल्या बाजूला होता?”

फोटोताईनं डोळे मिटले. पाठीवर ती जागा अजून जाणवत होती, एकेक बोट निराळं. “उजवीकडे,” ती म्हणाली. “डावा हात होता.”

काकूंनी मान डोलावली. “डावखुराच आहे तो,” त्या म्हणाल्या आणि उठून थर्मास आवरू लागल्या.

वहिनीनं बसमध्ये कबूल केलं की तिनंही काहीतरी पाहिलं होतं. बाजूनं बघताना नणंदेचा शर्ट पाठीला एका जागी चिकटलेला दिसला, बाकीचा वाऱ्यानं फडफडत असताना. “वाराच असेल,” ती म्हणाली. “बाहेरून झोत आला असेल.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “वाराच.” आणि घर येईपर्यंत नणंदेचा हात सोडला नाही.

फोटोताईनं तो फोटो मोठा करून, चौकटीत बसवून त्यांच्या भाड्याच्या खोलीवर नेऊन दिला. खोली तिसऱ्या मजल्यावर होती, अंधारी पण टापटीप. फोटोत काका होते, काकू होत्या आणि मधे ऊन होतं. तिनं तो शंभरदा बघितला होता. उन्हात काही नव्हतं.

काकूंनी चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी धरला आणि बराच वेळ पाहिला. मग तोंडानं ‘च्च’ केलं. “डोळे मिटलेत यानं. एक फोटो म्हणून धड येऊ देत नाही. बघा हो.”

काकांनी फोटो घेतला, पाहिला आणि म्हणाले, “हो. मिटलेत.”

ते फोटोताईला पोचवायला जिन्यावर आले. एका वळणावर थांबले. वरचं दार लोटलेलं आहे याची खात्री केली.

“मला काही दिसत नाही,” ते म्हणाले. “फोटोत नाही, तिथं वर नाही. कधीच दिसलं नाही.”

फोटोताई बघत राहिली. “पण तुम्ही त्या दिवशी मान...”

“तिची वळली की मी वळवतो. इतकी वर्षं झाली, जमतं आता. ती हसली की हसायचं. तिला एकटीला कसं पाठवायचं तिथं वर?” त्यांनी कठड्यावरून हात फिरवला. “फक्की मारतो, झाडतो, दारातून जातो-येतो. वाटायचं, कधीतरी काहीतरी. माझाही मुलगा होता तो. तुम्हाला... खरंच लागला हात? वारा नव्हता?”

नाही म्हणावं असं फोटोताईच्या ओठांवर आलं होतं. पण ते डोळे बघून तिला खोटं बोलवलं नाही. “वाऱ्याला बोटं नसतात, काका.”

काकांचा चेहरा असा झाला की तिला वाटलं, खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांची राखण त्यांनी केली, आणि हात मिळाला कुठल्या कोण परकीला. ते ‘सावकाश उतरा, पायऱ्या झिजल्यात’ एवढं म्हणाले आणि वर गेले.

पाडकामाच्या आधीच्या रविवारी काकूंचा फोन आला. आवाज कापत होता, आणि काकूंचा आवाज कापतो हे फोटोताईनं पहिल्यांदाच ऐकलं. “हे एकटेच गेलेत तिकडे. मला म्हणाले, पेपर घेऊन येतो. खुर्च्या इथंच आहेत. चटई इथंच आहे.”

 फोटोताई आणि वहिनी रिक्षानं सुटल्या. कुंपणाची फट नव्या पत्र्यानं बुजवली होती, पण एका बाजूनं तो उचकटलेला होता. दोघी जिना चढू लागल्या, कठड्याशिवायचा, आतल्या बाजूला खेटून. चौथ्या मजल्यावर वहिनीला धाप लागली, ती वाकून गुडघे धरून उभी राहिली. फोटोताई तिच्यापुढे अर्धा जिना. तिथून तिला पाचव्या मजल्याचा स्लॅब डोळ्यांच्या रेषेत दिसला.

काका कडेच्या खोलीत होते. कडेकडे पाठ. हात अंगालगत, डोळे मिटलेले. आणि ते मागे सरकत होते. पाऊल उचलत नव्हते, नुसते घासत होते, बोटभर, मग थांबत. पाठ ताठ केलेली, कुणी तिथं काही ठेवणार असल्यासारखी. पुन्हा बोटभर. खांब केव्हाच मागे पडला होता.

फोटोताईला ओरडायचं होतं. पण ओरडलं आणि ते दचकले तर? तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. खाली वहिनीचा श्वास फासफूस करत होता. सहाव्या मजल्यावर कबुतरं घुमत होती, ती एकाएकी गप्प झाली.

काकांनी डोळे उघडले. ते वळले, कडेकडे नाही, घराच्या आतल्या बाजूला, स्वयंपाकघर आखलं होतं तिकडे. मान पुढे काढून क्षणभर कानोसा घेतला. मग भराभरा चालत, अगदी घाईनं, खोलीच्या दारातून बाहेर आले, बैठकीची खोली ओलांडून जिन्यापाशी आले. समोर फोटोताईला पाहून गोंधळले.

“आलो की,” ते म्हणाले. “एवढं काय झालं?”

दोघींनी त्यांना दोन्हीकडून धरलं. वहिनीनं त्यांना पायरीवर बसवून पाणी पाजलं आणि इस्पितळातल्या आवाजात खडसावलं. काका सगळं ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“मला नाही लागला हात,” ते म्हणाले. “बराच वेळ उभा होतो. वाटलं, मला लावायला तो येणार नाही. तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत, म्हणून आलो.”

फोटोताईनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं नकारार्थी मान हलवली.

“आम्ही नाही मारली, काका,” फोटोताई म्हणाली. “आम्ही जिन्यात होतो. हिला बोलायला श्वास नव्हता, आणि मी तोंड दाबून धरलं होतं.”

“अहो, असं कसं? स्वच्छ ऐकू आलं. आतून, स्वयंपाकघरातून. ‘बाबा, इकडे या.’ चिडून, जरा घाईनं...”

ते बोलता बोलता थांबले. या दोघी आपल्याला काका म्हणतात हे त्यांच्या ध्यानात आलेलं दोघींनाही कळलं. ते बाटली तिरपी धरून मागे वळून बघू लागले. वहिनीनं बाटली काढून घेतली. वरती कबुतरं पुन्हा घुमू लागली.

त्यांना खाली आणायला फार वेळ लागला. दर मजल्यावर ते थांबून वर बघत, काही ऐकू येतंय का म्हणून. पण रिक्षात बसल्यावर मात्र त्यांना धीर धरवेना. रिक्षावाल्याला ‘जरा पळव की’ म्हणून दोनदा सांगितलं.

काकू दारातच उभ्या होत्या. काका तिसरा मजला तरण्या पोरासारखे चढून गेले आणि धापा टाकत म्हणाले, “त्यानं हाक मारली मला. मला! ऐकलं मी!”

फोटोताईला वाटलं, आता काकू रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या शर्टावरची धूळ झटकली, पाठीवरची, मग बाह्यांवरची.

“मोठ्यांदा मारली असेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कुठं पहिल्या हाकेला ओ देता.”

काका दारातच खाली बसले आणि ओंजळीत तोंड घालून हसायला लागले. की रडायला, ते बाहेरून कळण्यासारखं नव्हतं. वहिनीनं नणंदेचा हात धरला आणि दोघी पाय न वाजवता जिना उतरल्या.

इमारत त्याच आठवड्यात पाडली. शहराच्या त्या टोकाला संध्याकाळपर्यंत धूळ तरंगत होती. स्टुडिओत कुणी आलं की कपड्यांना तिचा वास यायचा. काका-काकू बघायला गेले नाहीत. पुढे फोटोताई एकदा त्यांच्याकडे गेली होती. फोटो भिंतीवर होता. काका जेवत होते, आणि घास घेता घेता मधेच हात थांबवून, मान तिरपी करून, ऐकत होते.